सुटलेले पोट : एका मोजमापाचा इतिहास

1969 साली तारापूरला देशातले पहिले अणुवीज केंद्र सुरू झाले. जवळच बोईसरला औद्योगिक वसाहत उभी राहिली. भातशेती, मासेमारी आणि वाड्या यांवर जगणाऱ्या या किनारपट्टीवर पाळीची नोकरी आली. खुर्चीवरचे काम, कॅन्टीन आणि रात्रपाळी आली. 2013 साली मुंबईची लोकल डहाणूपर्यंत पोहोचली, तेव्हा रोजचे काही तास गाडीत घालवणारेही वाढले. या सगळ्यांच्या मागोमाग, कोणी न बोलावता, आणखी एक पाहुणा आला : सुटलेले पोट.

याच जिल्ह्यात पूर्वेला डोंगरात जव्हार-मोखाडा आहे. 1992-93 साली वावर-वांगणी परिसरातील बालमृत्यूंच्या बातम्यांनी सारा महाराष्ट्र हादरला होता. तेव्हा हा भाग ठाणे जिल्ह्यात होता. 2014 साली पालघर जिल्हा वेगळा झाला. शाळेत आपण बोईसरच्या पोटाला 'अतिपोषण' म्हणतो आणि मोखाड्याच्या हाडकुळ्या मुलाला 'कुपोषण'. दोघांचे धडे वेगळे असतात. पण पोटावरच्या चरबीचा अभ्यास कसा होत गेला हे पाहिले, तर हे दोन धडे एकमेकांना जोडलेले दिसतात. कसे, ते पाहू या.

वजनकाटा काय सांगत नाही?

1832 साली केटले या बेल्जियन गणितज्ञाने असे दाखवले की प्रौढ माणसांचे वजन साधारणपणे उंचीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. किलोग्रॅममधील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागले की जो आकडा येतो, त्याला 1972 साली अन्सेल कीज यांनी 'बॉडी मास इंडेक्स' असे नाव दिले. आज प्रत्येक दवाखान्यात हा आकडा काढतात. पण चरबी किती आणि स्नायू किती, हे तो सांगत नाही. चरबी शरीरात कोठे साठली आहे, हेही सांगत नाही.

'कोठे' हा प्रश्न 1947 साली फ्रान्समधील मार्से येथील डॉक्टर जाँ वाग यांनी विचारला. काहींची चरबी मांड्या व नितंबांवर साठते, तर काहींची पोटावर आणि धडाच्या वरच्या भागावर. मधुमेह आणि रक्तवाहिन्यांचे विकार या दुसऱ्या गटात अधिक दिसतात, असे त्यांचे निरीक्षण होते. त्याला भक्कम आधार मिळायला बराच काळ लागला. स्वीडनमधील गोथेनबर्ग शहरातील 792 पुरुषांवर 13 वर्षे लक्ष ठेवले गेले आणि 1984 साली निष्कर्ष आला : नितंबांच्या मानाने कंबरेचा घेर जितका मोठा, तितका हृदयविकाराचा धोका अधिक. एका साध्या मोजपट्टीने वजनकाट्याहून अधिक सांगितले होते.

बसच्या जिन्यावरून

दरम्यान, पोट सुटते कोणाचे, याचाही शोध सुरू होता. लंडनच्या दुमजली बसमध्ये चालक दिवसभर बसून असे. वाहक मात्र तिकिटे देत रोज 500 ते 750 पायऱ्या चढत असे. पगार आणि वस्ती सारखीच. 1953 साली जेरी मॉरिस यांनी दाखवले की हृदयविकाराचे झटके चालकांना जास्त येतात. 1956 साली त्यांनी आणखी एक गमतीदार काम केले. कर्मचाऱ्यांना दिलेल्या गणवेशाच्या पँटींची मापे तपासली. चालकांच्या कंबरा मोठ्या होत्या. मात्र नोकरीला लागतानाच त्या मोठ्या होत्या, असेही आढळले. मग हा फरक कामाचा की मुळातल्या अंगकाठीचा? पुढील अभ्यासात उत्तर मिळाले. वाहक सडपातळ असो वा जाडा, त्याचा धोका चालकापेक्षा कमीच होता. म्हणजे पोट कमी झाले नाही तरी चालणे वाया जात नाही. व्यायाम सोडून देणाऱ्या प्रत्येकाला हे सांगायला हवे.

त्याच 1956 साली हार्वर्डचे जाँ मेयर यांनी आपल्याकडील पश्चिम बंगालमधल्या एका ताग गिरणीतील 213 पुरुषांचा आहार, वजन आणि काम यांची सांगड घातली. हलक्या कामापासून अवजड कामापर्यंत श्रम वाढत गेले तसा आहार वाढत गेला, आणि वजन साधारण तेवढेच राहिले. पण अगदी बैठे काम करणाऱ्यांची भूक मात्र कमी झाली नव्हती. ते भरपूर खात होते आणि त्यांचीच वजने जास्त होती. आपली भूक श्रम वाढले की वाढते. श्रम फारच घटले तर मात्र ती त्या प्रमाणात उतरत नाही. शेत सोडून नियंत्रण कक्षात बसणाऱ्या माणसाचे ताट म्हणूनच आपोआप लहान होत नाही. तो हावरट झालेला नसतो. त्याचे काम बदललेले असते.

आत काय आहे?

1980 नंतर जपानमधील ओसाका येथील संशोधकांनी सीटी स्कॅनने पोटाचा आडवा छेद पाहिला. त्यात दोन प्रकारची चरबी स्पष्ट दिसली : एक त्वचेखालची, चिमटीत येणारी, दुसरी आतड्यांभोवतीची, चिमटीत न येणारी. रक्तातील साखर आणि मेद बिघडण्याशी या दुसरीचा संबंध अधिक जवळचा होता. याचे एक कारण जागेचे आहे. आतड्यांकडून निघणारे रक्त एका मोठ्या शिरेने थेट यकृतात जाते. आतल्या चरबीतून सुटलेली मेदाम्लेही त्याच वाटेने यकृतावर जाऊन आदळतात.

मग पोटाचेच व्यायाम करून ही चरबी जाईल का? अमेरिकेत 1984 साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात 13 पुरुषांनी 27 दिवसांत प्रत्येकी 5004 सिटअप्स काढल्या. मग पोट, पाठ आणि नितंब येथील चरबीच्या पेशी मोजल्या. पेशी थोड्या लहान झाल्या होत्या, पण तिन्ही ठिकाणी सारख्याच. कारण सोपे आहे. शेजारी चरबी आहे म्हणून पोटाचा स्नायू तेवढीच जाळत नाही. चरबी पेशींतून रक्तात येते आणि रक्तातून साऱ्या शरीराला मिळते. पोटावरचे पट्टे आणि यंत्रे विकणाऱ्या जाहिराती नेमके हेच सांगत नाहीत.

चांगली बातमीही आहे. 2000 साली कॅनडात झालेल्या अभ्यासात स्थूल पुरुषांनी तीन महिने रोज व्यायाम केला. ज्यांनी तेवढेच जास्त खाऊन वजन कायम ठेवले, त्यांचीही आतली चरबी कमी झाली. काटा हलला नाही, तरी आत बदल होत होता.

पुण्याजवळची सहा गावे

आता जव्हार-मोखाड्याकडे वळू. 1993 साली पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जवळच्या सहा गावांतील गर्भवती मातांचा अभ्यास सुरू केला. या गावांतील नवजात बाळाचे वजन सरासरी 2.7 किलो भरले. इंग्लंडमधील साउथॅम्प्टनच्या बाळाचे 3.5 किलो. आपल्या बाळांचे स्नायू कमी होते, पण पाठीवरच्या कातडीच्या घडीची जाडी मात्र बरीचशी टिकून होती. 2009 साली पुणे आणि लंडन येथील बाळांची एमआरआय तपासणी प्रसिद्ध झाली. पुण्याची बाळे वजनाने हलकी असूनही त्यांच्या पोटातली चरबी जास्त होती.

2004 साली याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांनी 'लॅन्सेट'मध्ये स्वतःचेच आकडे छापले. दोघांचाही बॉडी मास इंडेक्स 22.3. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी 9.1 टक्के, तर याज्ञिकांच्या शरीरात 21.2 टक्के! एक जण मॅरेथॉन धावतो आणि दुसरा लिफ्टचे दार बंद होण्याआधी धावतो, हेही त्यांनी मिश्कीलपणे नोंदवले.

गर्भात पोषण अपुरे पडले तर शरीर मेंदूला आधी पुरवते आणि स्नायूंवर काटकसर करते, असे मानले जाते. साखर जाळणारी मोठी भट्टी म्हणजे स्नायू. ती भट्टीच जन्मतः लहान असेल आणि पुढे बैठे काम व तळलेले खाणे वाट्याला आले, तर चरबी पोटात साठायला वेळ लागत नाही. डोंगरात कमी वजनाचे जन्मलेले मूल उद्या बोईसरच्या कारखान्यात कामाला लागू शकते. आज त्याचे पोट खपाटीला गेलेले आहे, आणि तरीही पंचविशीनंतरच्या पोटाचा धोका त्यालाच अधिक असू शकतो.

मग करायचे काय?

चेन्नईच्या डॉ. रामचंद्रन यांच्या गटाने 2006 साली 531 व्यक्तींचा अभ्यास प्रसिद्ध केला. या सर्वांना मधुमेहाची पूर्वसूचना मिळालेली होती. नुसता सर्वसाधारण सल्ला मिळालेल्यांपैकी तीन वर्षांत 55 टक्के लोकांना मधुमेह झाला. रोज अर्धा तास भरभर चालणे आणि साखर, मैदा, तेल कमी करणे हे ज्यांच्याकडून पाठपुरावा करून घेतले, त्यांच्यात हे प्रमाण 39 टक्के होते. जादू नाही, पण फरक मोठा आहे.

आपल्या भागात याचा अर्थ असा : भाताचा ढीग थोडा कमी, डाळ, मासळी आणि भाजी जास्त, स्टेशनवरचा वडापाव रोज नाही, कधीतरी, रात्रपाळीत भरपेट जेवणाऐवजी हलके खाणे, रोजचे चालणे, आणि आठवड्यातून दोन-तीनदा स्नायूंना ताण देणारे सूर्यनमस्कार, दंड, बैठका. आधी आतली चरबी हटते; पट्ट्याचे भोक नंतर बदलते.

शिक्षक-खोलीत एक प्रयोग करून पाहा. स्वतःच्या उंचीएवढा दोरा घ्या आणि मधोमध दुमडा. श्वास सहज सोडून, शेवटची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या मध्यावर तो दुमडलेला दोरा गुंडाळा. टोके जुळली नाहीत तर कंबर उंचीच्या निम्म्याहून जास्त आहे. 2022 पासून ब्रिटनच्या आरोग्य मार्गदर्शनातही हाच निकष आहे. आपल्याकडे पुरुषांसाठी 90 सेंटिमीटर आणि स्त्रियांसाठी 80 सेंटिमीटर ही धोक्याची रेषा मानतात. मात्र हा प्रयोग वर्गात मुलांवर करू नका. एखाद्या जाड्या मुलाचे सर्वांसमोर हसे झाले, तर तो मैदानाकडे पुन्हा फिरकणार नाही.

वर्गासाठी आपल्या हातात दुसऱ्या गोष्टी आहेत. शारीरिक शिक्षणाचा तास गणिताला उसना द्यायचा नाही. शालेय पोषण आहारातील डाळ पातळ होऊ द्यायची नाही. आणि आठवी-नववीतल्या मुलींच्या डब्याकडे, रक्तक्षयाच्या गोळ्यांकडे लक्ष ठेवायचे. त्या पुढे आई होतील तेव्हा त्यांच्या बाळाचे स्नायू किती भरतील, हे काही अंशी आजच ठरते आहे. बोईसरच्या सुटलेल्या पोटावरचा एक उपाय जव्हारच्या आश्रमशाळेतील ताटात आहे.