धूर आणि रक्त: रत्नागिरीतील धूम्रपान व हिमोग्लोबिनची मोजणी

विडी-सिगारेट ओढणाऱ्याच्या रक्तात हिमोग्लोबिन सहसा न ओढणाऱ्यापेक्षा थोडे जास्त भरते. वर्षानुवर्षे भरपूर ओढणाऱ्यांमध्ये ते आजाराच्या पातळीपर्यंतही चढते. ‘अंगात रक्त चांगले आहे’ असे म्हणायची सोय त्यात नाही. ही वाढ म्हणजे प्राणवायू कमी पडत असल्यामुळे शरीराने केलेली भरपाई असते. वैद्यकाला याचा नीट उलगडा विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात झाला. तंबाखू मात्र त्याआधी साडेतीनशेहून अधिक वर्षे या मुलखात होती.

सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी ती हिंदुस्थानात आणली. अकबराचा दूत असद बेग १६०४ च्या सुमारास विजापूरहून परतला, तेव्हा त्याने तिथे मिळालेली तंबाखू आणि रत्नजडित नळी बादशहापुढे ठेवली. अकबराने झुरके घेतले. हकिमांनी त्याला आवरले. त्या काळी दाभोळ बंदरासह रत्नागिरीचा किनारा विजापूरच्याच अमलाखाली होता. जहांगिराने १६१७ मध्ये बंदी घातली, पण ती टिकली नाही. हुक्का आणि गुडगुडी मोठ्या घरांत, चिलीम शेताच्या बांधावर, अशी धूम्रपानाची विभागणी पुढे रूढ झाली. विडीला या साधनांचीही गरज नव्हती. आपट्याचे किंवा कुंभ्याचे पान रानात मिळे. तंबाखू घाटावरून, विशेषतः निपाणीच्या पट्ट्यातून येई.

विडीला खरा जोर आला तो चाकरमान्यांमुळे. मुंबईत १८५४ मध्ये पहिल्या कापड गिरणीची पायाभरणी झाल्यानंतर गिरण्यांना सर्वाधिक मजूर पुरवणाऱ्या जिल्ह्यांत रत्नागिरी अग्रभागी राहिला. कापूस पेटण्याच्या धोक्यामुळे गिरणीच्या खात्यात विस्तव चालत नसे. साहजिकच कामगार विडी ओढायला आवारात येत, आणि ‘कामाच्या वेळी बाहेर रेंगाळतात’ ही मालकांची तक्रार कामगारविषयक चौकशांमध्ये पुन्हा पुन्हा दिसते. दहा-बारा तासांच्या पाळीत विडीचे निमित्त हीच काय ती उसंत होती, हे त्या तक्रारकर्त्यांनी लक्षात घेतले नाही. विडीत सिगारेटच्या मानाने तंबाखू फार थोडी, साधारण पाव ग्रॅमच्या आसपास असते. पण पान नीट जळत नाही आणि विडी विझू नये म्हणून झुरके भराभर मारावे लागतात. त्यामुळे कार्बन मोनॉक्साइड सिगारेटइतकाच, कधी त्याहून जास्तही छातीत जातो.

या वायूचे रक्तातले काम फ्रान्समधील क्लोद बर्नार यांनी १८५७ मध्ये दाखवले. इंग्लंडमध्ये जॉन स्कॉट हॉल्डेन यांनी १८९५ मध्ये तो स्वतः हुंगून त्याचे परिणाम नोंदवले. हिमोग्लोबिनला कार्बन मोनॉक्साइडची ओढ प्राणवायूपेक्षा दोनशेपटीहून अधिक असते. एकदा तो चिकटला की त्या जागी प्राणवायू बसत नाही, आणि उरलेल्या जागांवरचा प्राणवायूही पेशींना सहजासहजी सुटत नाही. मूत्रपिंडाला ही टंचाई जाणवते, एरिथ्रोपोएटिन हे संप्रेरक वाढते आणि अस्थिमज्जा तांबड्या पेशी जास्त बनवू लागते. धूम्रपानाने रक्तातला द्रवही घटतो. परिणामी रक्त दाट होते आणि गुठळ्यांचा धोका वाढतो.

जुन्या दवाखान्यांतून हिमोग्लोबिनची ही वाढ सहसा निसटत असावी, आणि त्याचे एक कारण खुद्द मोजणीत होते. बर्नच्या हेर्मान साली यांनी १९०२ मध्ये रूढ केलेले हिमोग्लोबिनमापक भारतात सरकारी दवाखान्यांपासून प्राथमिक आरोग्य केंद्रांपर्यंत अनेक दशके वापरात होते. बोटाला सुई टोचायची, नळीने ओढून २० मायक्रोलिटर रक्त घ्यायचे, ते सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात सोडून दहा मिनिटे थांबायचे. तपकिरी झालेल्या द्रावात ऊर्ध्वपातित पाणी थेंबथेंब घालत, खिडकीच्या उजेडात धरून, शेजारच्या काचेच्या रंगाशी तो जुळेपर्यंत पाहायचे आणि मग आकडा वाचायचा. ही पद्धत स्वस्त होती, वीज लागत नव्हती. पण कार्बन मोनॉक्साइड बांधलेले हिमोग्लोबिन त्या आम्लात पूर्णपणे रंग बदलत नाही. म्हणजे जो जास्त ओढतो त्याचाच आकडा खरा असतो त्याहून कमी दिसणार. १९६० च्या दशकात सायनमेथेमोग्लोबिन पद्धत आंतरराष्ट्रीय प्रमाण ठरली आणि ही त्रुटी बरीच कमी झाली.

१९७८ मध्ये अमेरिकेत स्मिथ आणि लँडॉ यांनी ‘धूम्रपान करणाऱ्यांची पॉलिसायथेमिया’ या नावाने निष्कर्ष प्रसिद्ध केले: पेशी वाढलेल्या, द्रव घटलेला, आणि धूम्रपान सोडल्यावर दोन्ही पूर्ववत होण्याकडे कल. त्याआधी अशा रुग्णांवर उगाचच रक्ताच्या दुर्धर विकाराचा शिक्का बसण्याची भीती होती. आता जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१६ च्या निकषांप्रमाणे पुरुषात दर डेसिलिटरला १६.५ आणि स्त्रीत १६ ग्रॅमच्या वर आकडा गेला की तपास सुरू होतो. २००५ मध्ये सापडलेल्या जॅक-२ जनुकीय बदलाच्या चाचणीमुळे अस्सल मज्जाविकार वेगळा काढता येतो. असे असले तरी, ‘विडी-सिगारेट किती?’ हा प्रश्न या तपासात अगोदर यायला हवा. त्याला खर्च लागत नाही.

लोकसंख्येच्या पातळीवर धोका उलटा आहे: धूर पंडुरोग झाकतो. म्हणून मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने १९९८-९९ पासून राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात हिमोग्लोबिन मोजायला घेतले, तेव्हा समुद्रसपाटीपासूनची उंची आणि धूम्रपान यांसाठी आकड्यात दुरुस्ती केली. २००५-०६ च्या फेरीत पुरुषांचीही चाचणी झाली. रोजच्या अर्ध्या ते एका पाकिटासाठी ०.३, एक ते दोन पाकिटांसाठी ०.५ आणि त्याहून अधिकसाठी ०.७ ग्रॅम वजा, असे जागतिक आरोग्य संघटनेचे तेव्हाचे कोष्टक होते. ते पाकिटांच्या हिशेबात होते. रत्नागिरीच्या विडीवाल्याला ते लावताना अंदाजच करावा लागे.

शिवाय महाराष्ट्रात तंबाखूचा मोठा भाग धुराविना जातो. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात राज्यात धूम्रपान करणारे ३.८ टक्के, तर धूररहित तंबाखू वापरणारे २४.४ टक्के आढळले. तव्यावर तंबाखू काळी होईपर्यंत भाजून, कुटून, बोटाने दातांना लावायची मिश्री कोकणातल्या बायकांत जुनी. तिचे दुष्परिणाम तोंडाच्या रोगांत दिसतात. जळती तंबाखू ओढली जात नसल्यामुळे हिमोग्लोबिन वाढवणारा कार्बन मोनॉक्साइड तिच्यातून रक्तात येत नाही. तो बायकांपर्यंत पोहोचतो तो मुख्यतः लाकूडफाट्याच्या चुलीतून.

विडी सोडल्यावर रक्तातला कार्बन मोनॉक्साइड साधारण चार-पाच तासांत निम्मा होतो. तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते, त्यामुळे वाढलेले हिमोग्लोबिन खाली यायला काही आठवडे ते महिने लागतात.