केरेनची लढाई
केरेनची लढाई : (फेब्रुवारी–मार्च १९४१). दुसऱ्या महायुद्धात इरिट्रियातील केरेन शहराजवळ इटालियन व ब्रिटिश फौजांमध्ये झालेली निर्णायक लढाई. सुदानमधून येणारा रस्ता व अस्माराकडे जाणारा लोहमार्ग येथील डोंगोलास खिंडीतून जात होते आणि दोन्ही बाजूंची उंच शिखरे इटालियन जनरल कार्निमेओच्या फौजेने रोखून धरली होती. जनरल विल्यम प्लॅटच्या हाताखालील चौथ्या भारतीय डिव्हिजनचे फेब्रुवारीतील हल्ले फसले. मार्चच्या मध्यास पाचव्या भारतीय डिव्हिजनसह पुन्हा चढाई झाली. डोलोगोरोडोक किल्ल्याच्या परिसरातील लढाईत मराठा लाइट इन्फन्ट्रीची तिसरी बटालियनही होती. १६ मार्चला किल्ला पडला. २७ मार्चला केरेन, १ एप्रिलला अस्मारा व ८ एप्रिलला मसावा बंदर ब्रिटिशांच्या हाती आले.