घाटांतील गाडा व अंगणांतील मोटारसायकल

जुन्नर व आंबेगांव या दोन तालुक्यांतील माणसांना वेगाची गोडी पेट्रोलनें लावली, असें कोणी म्हणूं लागला तर तें मला मान्य होणार नाहीं. ही गोडी फार जुनी आहे. चैत्रांत गांवोगांवच्या यात्रा सुरू झाल्या, कीं गांवाबाहेरच्या चढणीवर, जिला आमच्याकडे घाट म्हणतात, बैलगाड्यांच्या बाऱ्या सुटूं लागतात. पुढें घोडी, मागें चार बैल आणि त्यांच्या मागें केवळ शर्यतीसाठींच बांधलेला हलका गाडा. घड्याळ लावून सेकंद मोजावयाचे आणि निकाल पुकारावयाचा. या गाड्यावर धान्याचें पोतें कधींहि चढत नाहीं. जें जें ओझें काढतां येईल तें तें काढून टाकलेलें असतें. 2014 सालच्या मे महिन्यांत सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानें या शर्यती बंद झाल्या. 2021 च्या डिसेंबरांत त्यांना सशर्त परवानगी मिळाली आणि 2023 च्या मे महिन्यांत घटनापीठानें ती कायम केली. मधल्या साडेसात वर्षांत गाडे गोठ्यांत उभे होते, परंतु ते मोडून कोणी सरपण केलें असें माझ्या ऐकण्यांत नाहीं.

गाडा हलका करणें, आंखाला वंगण घालणें, बैलाचे खूर रोज पाहणें, हीं कामें गाडामालक परक्याच्या हातीं सहसा देत नाहीं. माझा पुतण्या रविवारीं सकाळीं अंगणांत गोणपाट अंथरून आपल्या मोटारसायकलीपाशीं पाने मांडून बसतो, तेव्हां मला त्या गाडामालकाची आठवण होते. आजचें भाषण या घरगुती कारागिरीच्या इतिहासाविषयीं आहे.

स्पोर्ट मोटारसायकल म्हणजे काय, हें प्रथम सांगितलें पाहिजे. हिचें हँडल खालीं असतें, पाय ठेवण्याच्या खुंट्या मागें सरकविलेल्या असतात, त्यामुळें स्वार टाकीवर ओणवा होऊन बसतो. पुढें एक गुळगुळीत कवच असतें. हा सारा थाट वाऱ्यासाठीं आहे. वेग दुप्पट झाला, कीं हवेचा विरोध चौपट होतो, आणि त्या विरोधास पुरून उरावयाचें तर इंजिनाची शक्ति आठपट लागते. मॅट्रिकपर्यंतचें गणित येथें पुरतें. इंजिन मोठें करण्यापेक्षां अंग लहान करणें स्वस्त पडतें, हें ज्यांनीं ओळखलें त्यांनीं ही गाडी घडविली.

आणि ती घडविली कोणीं? कारखान्यांनीं नव्हे, निदान आरंभीं तरी नव्हे. दुसऱ्या महायुद्धानंतर इंग्लंडांत पुष्कळ कामकरी तरुणांच्या हातीं पहिल्यानेंच चार पैसे खेळूं लागले. शर्यतीची तयार गाडी त्यांना परवडत नसे. मग त्यांनीं नॉर्टन कंपनीचा उत्तम सांगाडा घ्यावा, त्यांत ट्रायम्फ कंपनीचें जोमदार इंजिन बसवावें, आणि दोन्ही नांवें जोडून त्या अपत्यास ‘ट्रायटन’ म्हणावें, असा प्रघात पडला. हें काम घरामागच्या छपरांत चाले. लंडनच्या वळण-रस्त्यावरील ‘एस कॅफे’ हें त्यांच्या भेटीचें ठिकाण. म्हणून अशा गाड्यांना ‘कॅफे रेसर’ हें नांव मिळालें. खालीं आणलेलें हँडल आणि मागें नेलेल्या खुंट्या रस्त्यावर रूढ झाल्या त्या अशा छपरांतून. कारखान्यांनीं पुढें तेंच हळूहळू उचललें, आणि 1985 सालीं जपानच्या सुझुकीनें आपली 750 सी.सी.ची गाडी शर्यतीच्या गाडीसारखीच करून बाजारांत आणली, तेव्हांपासून ही जात जगभर पसरली.

आपल्याकडे गोष्ट निराळी झाली. 1955 सालीं मद्रासेंत एन्फील्डची बुलेट जुळविली जाऊं लागली, ती मुख्यतः सैन्यासाठीं. 1961 सालीं म्हैसुरास जावाचा कारखाना सुरू झाला. तीच पुढें येझ्दी. एस्कॉर्ट्स कारखान्याची 175 सी.सी.ची राजदूत मूळ पोलंडच्या आराखड्यावरची. या तिन्ही गाड्या वाहनें होत्या. दूध, खत, शिक्षक आणि तलाठी यांची ने-आण करणें हें त्यांचें काम. 1983 सालीं यामाहाच्या आराखड्यावरून राजदूत 350 निघाली. दोन सिलिंडर, सहा गिअर, आणि वेग असा कीं पाहणाऱ्यानें तोंडांत बोट घालावें. पण ती पेट्रोल फार पिई, म्हणून 1990 च्या सुमारास बंद पडली. 1985 ची आर.एक्स. 100 मात्र केवळ 98 सी.सी.ची, अकरा अश्वशक्तीची आणि वजनाला हलकी. मद्रासजवळ शोलावरम येथें युद्धकाळांतील धांवपट्टीवर शर्यती होत, तेथें यामाहाच्या या गाड्यांनीं नांव केलें. 1996 सालीं तिचें उत्पादन थांबलें. पण मंचरच्या किंवा नारायणगांवच्या बाजारीं एखादी जपलेली आर.एक्स. उभी दिसली, कीं भोंवतीं चार माणसें अजून जमतात.

यानंतरचा इतिहास आमच्या दारांतच घडला. चाकण हें गांव संग्रामदुर्गासाठीं प्रसिद्ध. 1660 सालीं फिरंगोजी नरसाळ्यानें शाएस्तेखानाच्या सैन्याविरुद्ध तो किल्ला झुंजविला. आमच्या पिढीस तें कांद्याच्या बाजारासाठीं ठाऊक. त्याच चाकणास बजाज कंपनीनें मोटारसायकलींचा कारखाना काढला आणि 2001 च्या नोव्हेंबरांत पल्सर नांवाची गाडी आणली. 2007 सालीं या कंपनीनें ऑस्ट्रियाच्या के.टी.एम. मध्यें भाग घेतला. 2012 सालीं ड्यूक 200 आणि 2014 सालीं कवच असलेली आर.सी. या गाड्या चाकणांतून बाहेर पडल्या. जी गाडी पूर्वीं आम्हीं मासिकांतील चित्रांत पाहावी, ती पुणें-नाशिक रस्त्यावर कांद्याच्या ट्रकामागून येऊं लागली.

पल्सर हें नांव घेतलें म्हणून थोडें विषयांतर करतों. पल्सर ही मूळ आकाशांतील वस्तु; ठराविक काळानें रेडिओ-लहरींचे ठोके पाठविणारा तारा. केंब्रिजच्या जोसलिन बेल या विद्यार्थिनीनें 1967 सालीं तो प्रथम टिपला. अशा ताऱ्यांचा वेध घेणारी प्रचंड दुर्बीण जुन्नर तालुक्यांतच खोडद येथें आहे. तिच्या 45 मीटर व्यासाच्या तीस थाळ्या सुमारें पंचवीस किलोमीटरांच्या परिसरांत पसरल्या आहेत, आणि तीहि 2001 सालींच जगांतील शास्त्रज्ञांस अर्पण करण्यांत आली. म्हणजे एकाच सालीं, एकाच रस्त्यालगत, एक पल्सर धांवूं लागला आणि दुसरा ऐकूं येऊं लागला. दुर्दैवानें या दोघांचें फारसें पटण्यासारखें नाहीं. इंजिनाच्या प्लगमध्यें ठिणगी पडते तेव्हां तिच्यांतूनहि रेडिओ-लहरी निघतात. जुन्या वाल्वच्या रेडिओवर कीर्तन चालू असतां दारावरून मोटारसायकल गेली, कीं खरखर होई, हें वृद्ध श्रोत्यांस आठवत असेल. ती खरखर दबावी म्हणून प्लगच्या टोपींत एक रोध बसविलेला असतो. कांहीं मुलें ठिणगी जोरदार होईल या समजुतीनें रोध नसलेली टोपी लावतात. धडधाकट इंजिनाच्या वेगांत त्यानें रतीचाहि फरक पडत नाहीं.

आतां माझ्या स्वतःच्या गाडीविषयीं दोन शब्द. मी आंबेगांवच्या पश्चिमेकडील डोंगरांत शिक्षक होतों आणि माझ्याजवळ जुनी राजदूत होती. दोन-धावी इंजिन, पेट्रोलांतच तेल मिसळावयाचें. त्या तेलाची काजळी सायलेन्सरांत धरे आणि गाडी चढाला मरगळे. मग आंतील जाळीची नळी काढून ती कॉस्टिक सोड्यांत भिजत ठेवावी, प्लग पॉलिश पेपरनें घासावा, पॉइंटची फट पत्त्याएवढी ठेवावी. घोडेगांवचा मेस्त्री दूर, पगार बेताचा आणि भातलावणीच्या दिवसांत रस्त्यावर चिटपांखरूं नाहीं. अशा स्थितींत हात आपोआप शिकतात. हात शिकले याचा मला अभिमान होता, आणि तो अभिमानच एके दिवशीं नडला.

1986 सालच्या श्रावणांत मीं मागच्या चाकाचें पंक्चर घरीं काढलें आणि चाक परत बसविलें. या गाडीच्या मागच्या ब्रेकचें झांकण फिरूं नये म्हणून एक लोखंडी पट्टी नटानें अडकविलेली असते. तो नट मीं हातानें लावला. पान्यानें नंतर आवळूं म्हणून ठेवला आणि विसरलों. दुसऱ्या दिवशीं शाळा सुटल्यावर डिंभ्याच्या अलीकडील उतारावर ब्रेक दाबला, तों तो नट गळाला, झांकण चाकाबरोबर फिरलें, ब्रेकची सळई पिळली गेली आणि चाक जाम झालें. मला खरचटलें. मागें बसलेले माझे सहकारी गुरुजी चरांत पडले व त्यांच्या गुडघ्याचें हाड मोडलें. तो पाय पुढें कधीं पुरता वांकला नाहीं. त्यांनीं मला एका शब्दानेंहि दोष दिला नाहीं. दोष दिला असता, तर मला बरें वाटलें असतें.

म्हणून पुतण्या अंगणांत बसला, कीं मी ओट्यावर बसतों. त्याची गाडी दोनशे सी.सी.ची, कवचवाली, वापरलेली घेतलेली. तिच्या इंजिनांत पेट्रोल सोडण्याचें काम कार्ब्युरेटर करीत नाहीं, एक संगणक करतो. तेव्हां पॉलिश पेपर आणि पत्ता यांचें राज्य संपलें. तरीहि हातानें करण्यासारखें पुष्कळ उरलें आहे. साखळी रॉकेलनें व मऊ ब्रशानें धुवावी. पेट्रोलनें धुतल्यास कड्यांतील रबरी चकत्या खराब होतात. पुसून कोरडी करावी, मग गिअरचें तेल द्यावें, आणि तिचा ढिलेपणा कंपनीच्या पुस्तिकेंत सांगितला असेल तेवढाच ठेवावा. फार ताणली तर बेअरिंग जातें, फार सैल सोडली तर दांतावरून निसटते. कांदा काढणीच्या दिवसांत आमच्या रस्त्यांवर धूळ एवढी असते, कीं हवेची गाळणी पुस्तिकेंतील मुदतीच्या आधींच पाहावी लागते. ब्रेकचें द्रव हवेंतील ओल शोषतें, आणि ओलावलेलें द्रव माळशेजसारख्या लांब उतारावर तापून उकळलें, कीं दांडी दाबूनहि कांहीं होत नाहीं. दर दोन वर्षांनीं तें बदलावें. हल्लीं पेट्रोलांत उसापासून केलेलें इथेनॉल मिसळतात. ऊस आमच्याच शेतांतला, परंतु जुन्या राजदूतच्या रबरी नळ्यांना तें मानवत नाहीं असें दिसतें.

गाडींत फेरफार करण्याचा प्रश्न आला, कीं आमचे वाद होतात. दांतेरी चक्र बदलणें मला समजतें. समजा, पुढें 14 दांत आणि मागें 42, प्रमाण तीन. पुढचें 15 केलें, तर प्रमाण 2.8, सपाटीला इंजिन शांत चालेल, पण घाटांत दम लागेल. हें गणित त्यानें माझ्यासमोर पाटीवर करून दाखविलें तेव्हां मला, खरें सांगतों, शाळेंतल्यासारखा आनंद झाला. सायलेन्सरचें मात्र तसें नव्हे. त्यानें एक आंखूड, बिनजाळीची नळी आणली. मी म्हणालों, “अरे, ही काढ. गांवांत लहान मुलें आहेत, आजारी माणसें आहेत.” तो म्हणाला, “नाना, आवाजाशिवाय ही गाडी ओळखूं कशी येणार?” मीं त्याला विचारलें, घाटांत बैल हंबरतो म्हणून कधीं बारी जिंकली आहे काय? तो हंसला, पण नळी त्यानें काढली ती माझ्या बोलण्यानें नव्हे. बाहेर जाणारा वायु मोकळा झाल्यानें संगणकाचा हिशेब चुकला आणि गाडी खालच्या वेगांत धक्के देऊं लागली.

कायदाहि याबाबतींत आतां स्पष्ट आहे. 2019 च्या जानेवारींत सर्वोच्च न्यायालयानें केरळांतील एका प्रकरणीं असा निर्णय दिला, कीं कारखान्याच्या मूळ नमुन्याशीं विसंगत असा बदल वाहनांत करतां येणार नाहीं. त्याच वर्षींच्या दुरुस्तीनें परवानगीवांचून केलेल्या प्रत्येक बदलास पांच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, अशी तरतूद झाली. मला यांत थोडें कडकपण वाटतें. ज्या खटपटीतून ही गाडी जन्मास आली तीच खटपट गुन्हा ठरावी, हें चमत्कारिक आहे. पण डिंभ्याचा उतार आठवला, कीं माझी तक्रार मी गिळून टाकतों.

पुतण्यास तो प्रसंग मीं सांगितला आहे. तेव्हांपासून तो प्रत्येक नट मोजमापाच्या पान्यानें आवळतो आणि आवळला कीं नटावर व शेजारच्या धातूवर मिळून एक पिवळी रेघ ओढतो. नट जराहि फिरला तर रेघ तुटलेली दिसते. शर्यतीच्या गाड्यांवर अशा खुणा करतात, असें तो सांगतो.

गेल्या दिवाळींत माझे ते सहकारी गुरुजी घरीं आले होते. ओट्यावर बसून पाय लांब करून ते बराच वेळ त्याचें काम पाहत होते. मग काठी टेकीत अंगणांत उतरले, मागच्या चाकाशीं कसेबसे वांकले आणि म्हणाले, “बाळ, या रेघा कशाच्या?” पुतण्यानें माझ्याकडे पाहिलें आणि सांगितलें. गुरुजींनीं चष्मा नीट केला, ब्रेकपासून आरंभ करून बोटानें एकेक रेघ मोजली, आणि साखळीजवळची एक पुसट झाली होती ती पुन्हां ओढून घेतली.