मुलांची पहिली गिटार : तिचे कूळ आणि तिची पारख

धर्मग्रामाच्या महोत्सवी स्मरणिकेत देवळाचा पाया केव्हा पडला, घंटा कोठून आली, पहिले धर्मगुरू कोण, असा वृत्तांत असावा हे रीतीस धरूनच आहे. तो या पुस्तकात इतरत्र दिलेला आहे. आम्ही या पानांत एका लाकडी वाद्याची कुळकथा सांगण्याचे योजिले आहे. त्याचे कारण असे की, गोसीखुर्द आणि वैनगंगेच्या काठच्या इतर गावांतून मिस्सेला येणारी कुटुंबे गेली काही वर्षे आम्हांस एकच प्रश्न विचारीत आली आहेत : "फादर, पोराला गिटार घ्यायची आहे. कोणती घ्यावी, आणि किती पैसे घालावे?" प्रश्न साधा दिसतो खरा. पण विचारणारा गृहस्थ बहुधा धानाच्या शेतीवर किंवा मजुरीवर पोट भरणारा असतो. १९८८ च्या एप्रिलात गोसीखुर्द धरणाची पायाभरणी झाली, आणि पुढे पाणी चढत गेले तसतशी गावे उठून नव्या गावठाणांत गेली. त्यांतलाही कोणी असतो. अशा घरात वाद्य एकदाच विकत घेतले जाते. ते फसले तर दुसरे येत नाही.

आणि वाद्य फसले की केवळ पैसाच जातो असे नाही. शिकविणारा कोणी जवळ नसेल तर मुलाला वाद्याचा दोष कळत नाही. आपलीच बोटे जड, आपलाच कान कच्चा, असे त्या बालकाच्या मनात बसते आणि ते जन्मभर राहते. आम्हांस याचेच अधिक वाईट वाटते. म्हणून या प्रश्नाचे उत्तर दुकानदाराच्या तोंडून घेण्याऐवजी वाद्याच्या इतिहासातून घ्यावे, असे आमचे मत आहे.

पूर्वी आपल्या लोकांत मूल वाद्याकडे कसे येत असे, ते प्रथम पाहू. पोर्तुगीज अमदानीत गोव्यातील देवळांना जोडून धर्मग्रामाच्या शाळा असत. तेथील संगीतशिक्षकास मेस्त्रे म्हणत. तो मुलांस आधी सुरांची लिपी वाचावयास शिकवी, आणि ती तोंडी पक्की झाल्यावर व्हायोलिन हाती देई. मुंबईच्या चित्रपटांच्या वाद्यवृंदांत जे गोमंतकीय वादक पुढे नावारूपास आले, त्यांपैकी कितीतरी जणांचा पाया असा देवळाच्या सावलीत घातला गेला होता. माजोर्डे गावी १९२७ साली जन्मलेले अँथनी गोन्साल्विस हे त्यांपैकीच. त्यांचे वडील गावच्या देवळात गायनवृंदाचे मास्तर होते. पुढे मुंबईत त्यांनी प्यारेलाल यांस व्हायोलिन शिकविले, आणि १९७७ च्या 'अमर अकबर अँथनी' या चित्रपटातील प्रसिद्ध गीतात त्यांचे नाव आले ते या शिष्याच्या कृतज्ञतेमुळे. या व्यवस्थेत आधी गुरू आणि मागून वाद्य असा क्रम होता. वाद्याची पारख करणारा जाणता मनुष्य गावातच असे. आमच्याकडे हा क्रम उलटा झाला आहे. मोबाइलवर बोट ठेवावे आणि चार दिवसांत खोके दारात यावे. गुरू मात्र पवनीस नाही तर भंडाऱ्यास, आणि तोही मिळाला तर.

आमच्या भागातील मूल सुरांवाचून वाढते असे मात्र कोणी समजू नये. धानकापणी आटोपली की झाडीपट्टीची नाटके रात्ररात्र चालतात, आणि रंगमंचापुढे बसलेल्या ऑर्गन-तबल्याचे स्वर मुलांच्या कानांत निजतानाही घुमत असतात. कान तयार आहे. प्रश्न आहे तो हाताचा.

येथे काही वडीलधारी मंडळी शंका काढतात की, गिटार हे तमाशाचे वाद्य, ते देवळात कशाला? त्यांस आम्ही पेटीची आठवण देतो. जी पेटी आज भजनाचा प्राण वाटते, ती १८४० च्या सुमारास पॅरिसमध्ये जन्मली. ती परकी आणि आपल्या सुरांस अपुरी आहे, या सबबीवर ऑल इंडिया रेडिओने १९४० साली तिला आपल्या कार्यक्रमांतून बाहेर काढले होते. गिटारची गोष्ट तर याहून जुनी आणि आपल्या अधिक जवळची आहे. १८१८ च्या नाताळच्या पूर्वसंध्येस, साल्झबुर्गजवळच्या ओबेर्नडोर्फ गावातील संत निकोलसच्या देवळात जे नाताळगीत प्रथम गाइले गेले, आणि आज जगातल्या शेकडो भाषांत गाइले जाते, ते गिटारच्या साथीवर गाइले गेले. शब्द योझेफ मोर या तरुण साहाय्यक धर्मगुरूंचे, चाल शेजारच्या आर्न्सडोर्फ गावचे शाळामास्तर फ्रान्स ग्रुबर यांची. उंदरांनी ऑर्गनचे भाते कुरतडले म्हणून गिटार घ्यावी लागली, ही कथा मागाहून जोडलेली आहे. मोर हे भरतकामावर पोट भरणाऱ्या एका गरीब स्त्रीचे पुत्र होते, आणि १८४८ साली ते वारले तेव्हाही निर्धनच होते. त्यांची गिटार हालाइन येथील संग्रहालयात जतन केलेली आहे.

देवळातील वाद्यांविषयी नियम मात्र होते आणि आहेत. परमगुरुस्वामी दहावे पायस यांनी १९०३ च्या आज्ञापत्रात पियानोस आणि गोंगाटी वाद्यांस मनाई केली. दुसऱ्या व्हॅटिकन महासभेने १९६३ साली ऑर्गनचा मान राखून, उपासनेस शोभतील अशी इतर वाद्ये अधिकाऱ्यांच्या संमतीने वापरण्यास वाट मोकळी केली. या वाटेनेच गिटार आपल्या गायनवृंदांत आली.

आता वाद्य घडते कसे ते पाहू. गिटार ही मुळातच सुतारकामातून वर आलेली वस्तू आहे. जर्मनीतील सॅक्सनी प्रांतात, मार्कनॉयकिर्खेन गावी, एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मोठा तंटा झाला : व्हायोलिन करणाऱ्यांचा संघ म्हणे, गिटार करण्याचा हक्क आमचा; कपाटे-मेजे करणाऱ्या सुतारांनी त्यास हात लावू नये. त्या सुतारांच्या पक्षातील क्रिस्टियन फ्रेडरिक मार्टिन हा १८३३ साली अमेरिकेस निघून गेला, आणि काही वर्षांनी पेन्सिल्व्हेनियातील नाझरेथ नावाच्या गावी त्याने आपला कारखाना वसविला. तो आजही तेथेच चालू आहे. सुताराने नाझरेथ गाठावे, हा योगायोग आम्हांस फार गोड वाटतो.

याच सुमारास स्पेनमध्ये आल्मेरियाकडील आंतोनियो दे तोर्रेस (१८१७–१८९२) या कारागिराने आजच्या गिटारचा घाट निश्चित केला. हाही सुतारच. त्याने १८६२ साली एक विलक्षण प्रयोग केला : वरची फळी नेहमीप्रमाणे लाकडाची ठेवून बाजू आणि पाठ चक्क कागदाच्या लगद्याची केली. हेतू हा की, आवाज मुख्यत्वे वरच्या फळीतून आणि तिच्या आतल्या बाजूस चिकटविलेल्या पट्ट्यांतून निघतो, हे लोकांस दिसावे. दुकानात जे लोक पाठीच्या चकाकीवर आणि कडेच्या नक्षीवर भुलतात, त्यांनी ही कागदी गिटार ध्यानात ठेवावी. मुलाच्या वाद्यात चकाकीसाठी दिलेला रुपया हा वाद्यासाठी दिलेला रुपया नव्हे.

तथापि मुलाच्या दृष्टीने फळीपेक्षाही तारांचा इतिहास महत्त्वाचा आहे. मोर आणि तोर्रेस यांच्या काळी वरच्या तीन तारा जनावरांच्या आतड्याच्या, म्हणजे तातीच्या असत. दुसऱ्या महायुद्धात ती तात शस्त्रक्रियेतील टाक्यांसाठी लागू लागली आणि वाद्यांस मिळेनाशी झाली. तेव्हा न्यूयॉर्कमधील आल्बर्ट ऑगस्टिन याने नायलॉनच्या तारा करून पाहिल्या, आणि स्पेनचे थोर वादक आंद्रेस सेगोव्हिया यांनी त्या उचलून धरिल्या. पोलादी तारांची वाट निराळी. अमेरिकेत हवाई बेटांच्या संगीताचे वेड पसरले, मोठ्या आवाजाची मागणी वाढली, आणि १९२० च्या दशकात मार्टिनसारख्या कारखान्यांनी पोलादाचा ताण सोसतील अशा पेट्या बांधण्यास आरंभ केला. हा ताण किती? नायलॉनच्या सहा तारा मिळून साधारण चाळीस किलोंचा ओढा देतात. पोलादी हलक्या तारा सुमारे सत्तर किलोंचा. आठ वर्षांच्या मुलीच्या बोटांस या दोहोंतील फरक पहिल्याच दिवशी कळतो.

हवाईचा आणखी एक धागा आमच्या घरांपर्यंत येतो. त्या बेटांवर योसेफ केकुकू याने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस गिटार मांडीवर आडवी ठेवून तारांवर पोलादी तुकडा सरकविण्याची पद्धत रूढ केली. ती पद्धत हिंदुस्थानात फार लोकप्रिय झाली. व्हॅन शिप्ली यांनी वाजविलेल्या चित्रपटगीतांच्या तबकड्या घरोघर ऐकल्या जात. त्यामुळे जुन्या घरांतून, माळ्यावरून, जी गिटार खाली येते ती पुष्कळदा या जातीची निघते. तिच्या तारा दांडीपासून मुद्दाम उंच उचललेल्या असतात, कारण त्या दाबावयाच्याच नसतात. आजोबांची गिटार म्हणून ती नातवास द्यावयाची असेल, तर आधी कारागिराकडून तारा खाली आणवून घ्याव्या. अन्यथा ते मूल पडद्यावर तार दाबण्यासाठी आठ दिवस झगडेल आणि नवव्या दिवशी वाद्य भिंतीस लावील.

असेच एक नवे वाद्य आम्ही पाहिले आहे. चौथीतील मुलासाठी बापाने नाताळच्या आधी कर्ज काढून पुऱ्या आकाराची, काळीभोर, पोलादी तारांची गिटार आणिली. मुलाचा उजवा हात पेटीवरून पुढे पोहोचेना, आणि डाव्या हाताच्या बोटांस फोड आले. दुकानदाराने सांगितले होते की मूल वाढेल तशी उपयोगी पडेल. मूल वाढले; पण तोवर त्याने गिटारचे नाव टाकिले होते.

चपला घेताना आपण पाय मापतो. येथे हात मापावा. पुऱ्या गिटारच्या तारेची कंप पावणारी लांबी सुमारे ६५० मिलिमीटर असते. हे माप तोर्रेसच्या वाद्यांपासून रूढ झाले. पाऊण मापाच्या गिटारमध्ये ती ५८० च्या आसपास असते, आणि अर्ध्या मापात त्याहून कमी. सहा ते आठ वर्षांच्या मुलास अर्धी, आठ ते अकराच्या मुलास पाऊण, बारापुढे पुरी, असा साधारण अंदाज आहे. परंतु वयापेक्षा मुलाची उंची पाहून ठरवावे. त्याहूनही लहान मुलास अथवा त्याहूनही थोड्या पैशात काही हवे असल्यास, उकुलेले नावाचे चार नायलॉन तारांचे वाद्य आहे. १८७९ साली मदेइरा बेटावरील पोर्तुगीज कॅथोलिक मजूर उसाच्या मळ्यांत काम करण्यासाठी जहाजाने होनोलुलूस गेले. त्यांनी बरोबर नेलेल्या छोट्या वाद्यापासून तेथील सुतारांनी हे घडविले. पोटासाठी देश सोडणाऱ्या माणसांनी वळकटीत वाद्य बांधून न्यावे, हे आमच्या उठून आलेल्या गावांतील लोकांस समजावून सांगावे लागणार नाही.

स्वस्त वाद्य म्हणजे वाईट वाद्य, हाही समज इतिहासास धरून नाही. शिकागोच्या हार्मनी कारखान्याने टपालाने माल विकणाऱ्या सीअर्स पेढीमार्फत गरिबांच्या झोपड्यांपर्यंत गिटारी पोहोचविल्या. आपल्याकडे कलकत्त्याच्या कारागिरांनी तेच केले. जपानच्या यामाहा घराण्याचा मूळपुरुष तर १८८७ साली हामामात्सूच्या एका शाळेतील मोडकी पेटी दुरुस्त करता करता वाद्यांच्या धंद्यात शिरला. हा लेख लिहिताना साधी देशी गिटार तीन हजारांच्या आतबाहेर मिळते, आणि यामाहासारखी आठ ते दहा हजारांस. पैसा असेल तर दुसरी घ्यावी. तिच्यात निवड चुकण्याचे भय थोडे. पैसा नसेल तर पहिली घ्यावी, पण हाताळून घ्यावी. नागपूरच्या फेरीत अर्धा दिवस मोडला तरी चालेल, मुंबईस जाणे झाले तर धोबी तलावाजवळच्या फुर्टाडोंच्या जुन्या पेढीत डोकावावे; परंतु केवळ चित्र पाहून मागवू नये.

हाताळावयाचे ते असे. बाराव्या पडद्यापाशी तार आणि पडदा यांत नायलॉनच्या वाद्यात चार मिलिमीटरहून, पोलादी वाद्यात अडीचहून अधिक अंतर नसावे. मोकळी तार छेडावी, मग तीच बाराव्या पडद्यावर दाबून छेडावी. पहिला षड्ज आणि दुसरा तार षड्ज असा नितळ मेळ बसला पाहिजे. तो बसत नसेल तर त्या वाद्यावर मुलाचा कान बिघडेल. किंमत कितीही उतरविली तरी ते परत ठेवावे. सूर जुळविण्याच्या चाव्या दोन्ही बाजूंस सारख्या जड फिरतात की नाही, सूर लावून दहा मिनिटांनी तो जागेवर आहे की नाही, आणि पडद्यांची टोके दांडीच्या कडेस बोटाला बोचतात की काय, हेही पाहावे.

आमच्या भागात आणखी एक शत्रू आहे तो म्हणजे ऊन. वैशाखात पारा पंचेचाळीसपर्यंत जातो, आणि नव्या गावठाणातील पत्र्याच्या छपराखाली त्याहून वाईट. अशा उष्म्यात सरस सैल पडतो, तारा बसविलेली घोडी उचकटते, वरची फळी फुगते. आषाढात तेच लाकूड ओल पिते. अखंड लाकडाच्या फळीची गिटार आवाजास गोड असते, परंतु ऋतूचा हा मारा तिला सोसवत नाही. थरांच्या फळीची, म्हणजे प्लायवुडची, आवाजास थोडी कमी पण टिकाऊ. मुलाच्या पहिल्या गिटारीस येथे आम्ही तीच योग्य समजतो. ती पत्र्याजवळ टांगू नये. खोक्यात घालून खाटेखाली, भिंतीपासून दूर ठेवावी. उन्हाळ्यात महिनाभर वाजवावयाची नसेल तर तारा थोड्या सैल कराव्या.

ज्यांस तीन हजारही जड आहेत, त्यांच्यासाठी महोत्सवाच्या निधीतून पाऊण मापाच्या दोन नायलॉन गिटारी आणि एक उकुलेले घेऊन ती वस्त्रागाराच्या कपाटात ठेविली आहेत. मूल खरोखर वाजविते की नाही, हे आईबापांस पैसा घालण्यापूर्वी कळावे, एवढाच हेतू. रविवारच्या मिस्सेनंतर वहीत नाव लिहून महिनाभर घरी नेता येतात. तार तुटली तर धर्मग्राम नवी देईल. मात्र ती बसविताना मुलाने स्वतः हजर राहावयाचे आहे. मी, ला, रे, सोल, सी, मी, अशा सहाही तारांचा क्रम कपाटाच्या दारावर आतल्या बाजूस लिहून चिकटविला आहे.