मावळातील बंदूक आणि पर्जन्यकाळ : भोर व वेल्हे परिसरातील शस्त्रधारकाच्या दृष्टीने एक विचार

शस्त्रांचा इतिहास बहुधा दोन दृष्टींनी लिहिला जातो. एक, ज्याने शस्त्र घडविले त्याच्या. आणि दुसरी, ज्याने फौजेला ते वाटून दिले त्याच्या. पहिली पल्ला आणि पोलाद पाहते, दुसरी संख्या आणि खर्च. ज्याच्या खांद्यावर ते शस्त्र रात्रंदिवस असे, त्याचे त्याविषयी काय मत होते, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. प्रस्तुत लेखात तो भोर व वेल्हे या दोन तालुक्यांपुरता विचारावयाचा आहे. (वेल्हे तालुक्यास राजगड हे नाव देण्यास राज्य मंत्रिमंडळाने २०२४ साली मान्यता दिली, येथे जुनेच नाव ठेवले आहे.) हिरडस मावळ, रोहिडखोरे, गुंजण मावळ आणि कानद खोरे यांचा मुख्य भाग ह्या दोन तालुक्यांत येतो. तोरणा, राजगड आणि रोहिडा हे किल्ले येथलेच. कारीचे जेधे व हिरडस मावळातील बांदल यांची माणसे याच डोंगरांतून निघाली.

मावळ्यांच्या शस्त्रांविषयी रूढ झालेले मत मुख्यतः ग्रँट डफ याचे आहे. १८२६ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या इतिहासात त्याने मावळे आणि कोकणातील हेटकरी यांची तुलना केली आहे. हेटकरी नेमबाज, कारण नेम धरण्यास लागणारा धीर त्यांच्या अंगी होता. मावळ्यांच्या अंगी तो नव्हता, ते तलवार उपसून अंगावर जाणारे, असा त्याचा निष्कर्ष आहे. पुढील लेखकांनी तो स्वभाववर्णन म्हणून उचलला. कोणी त्यात मावळ्यांचे शौर्य पाहिले, तर कोणी त्यांचा उतावळेपणा. परंतु डफने त्याच ठिकाणी दिलेली दुसरी माहिती मात्र फारशी कोणी विचारात घेतलेली दिसत नाही. मावळ्यांजवळ साधी तोड्याची बंदूक असे. हेटकऱ्यांजवळ मात्र देशी घडणीची, पण गारगोटीच्या चापाची बंदूक असे, आणि हा चाप पोर्तुगीजांकडून आलेला असावा, असे तो सांगतो. म्हणजे ज्या दोन लोकांच्या स्वभावांची तुलना चालली आहे, त्यांच्या हातांत एकच हत्यार नव्हते. हत्यारे भिन्न असताना फलभेदाचे कारण प्रथम हत्यारात शोधावे, स्वभावात नंतर, हे संशोधनाचे साधे पथ्य आहे. येथे ते पाळले गेलेले नाही.

तोड्याच्या बंदुकीची रचना पाहिली म्हणजे हा भेद किती मोठा होता ते ध्यानात येते. सोऱ्याच्या पाण्यात मुरवून वाळविलेली सुताची दोरी, म्हणजे तोडा, सतत धुमसत ठेवावयाची. चाप ओढला की तिचे पेटते टोक कान्याजवळच्या उघड्या रंजकेवर पडावयाचे आणि मग नळीतील बार उडावयाचा. ह्या साखळीतील दोन कड्या उघड्या आहेत : निखारा आणि रंजक. पावसाच्या एका सरीने दोन्ही निकामी होतात. दारूतील सोरा स्वतः हवेतील ओल फारशी ओढीत नाही. परंतु तो नीट शुद्ध केलेला नसेल तर त्यात राहिलेले इतर क्षार ओल शोषून घेतात आणि पाऊस न पडताही दारू सर्द होते. ज्या खोऱ्यांत आषाढ-श्रावणात दिवसेंदिवस ढग डोंगरावरून हलत नाहीत, तेथे ही बंदूक बाळगणारा मनुष्य तिच्याविषयी काय म्हणत असेल, याची कल्पना करावयास कागदाची गरज नाही. गारगोटीच्या चापात निखारा नाही, आणि रंजकेवर झाकण असते; ती बंदूकही ओलाव्यापासून सर्वस्वी मुक्त नव्हे, पण तिचा धारक तिच्यावर अधिक विसंबू शकतो. कोकणात पाऊस मावळाहून कमी नाही, हे लक्षात घेतले म्हणजे हेटकऱ्याच्या ‘धीरा’तील काही वाटा ह्या चापाला द्यावा लागतो.

धारकाचे मत कागदोपत्री अप्रत्यक्षपणे उमटलेले एक ठिकाण म्हणजे आज्ञापत्र. इ. स. १७१५-१६ च्या सुमाराच्या, रामचंद्रपंत अमात्यांच्या म्हणून मानल्या जाणाऱ्या ह्या ग्रंथातील दुर्गप्रकरण राजनीतीसाठी पुष्कळ वाचले जाते. दारूखान्याविषयीचा मजकूर मात्र तपशील म्हणून सोडून दिला जातो. दारूखाना सदरेपासून व राहत्या घरांपासून दूर असावा, त्याला तळघर असावे, जमीन गच्ची असावी, दारूची मडकी माचावर ठेवावीत, दारू सर्द होऊ देऊ नये, आणि आठपंधरा दिवसांनी हवालदाराने समक्ष येऊन दारू व बाण बाहेर काढून ऊन द्यावे आणि पुन्हा मुद्रा करून ठेवावे, असा त्याचा आशय आहे. पावसाळ्यात तोफांना तेल-मेण द्यावे आणि त्यांचे काने मेणाने बुजवावेत, हेही तेथे सांगितले आहे. हा नियम गादीवर बसून सुचण्यासारखा नाही. ज्यांनी ऐन वेळी न पेटणारी दारू हाताळली, त्यांचा अनुभव वर चढत चढत राजाज्ञेत आला, असेच म्हणावे लागते. मोहिमा दसऱ्यानंतर निघत आणि पावसाळ्यात छावणी पडे. पण राजगड-तोरण्यासारख्या किल्ल्यांना छावणीची सवड नव्हती. तेथील शिबंदीला बाराही महिने पहारा होता, म्हणून हा प्रश्न किल्लेकऱ्याचा होता, स्वारीतल्या शिपायाचा तितका नव्हता.

पाऊस हेच एक कारण होते, असे मात्र म्हणता येणार नाही. १६७० च्या फेब्रुवारीत, माघ वद्य पक्षात, तानाजी मालुसऱ्यांनी सिंहगडाचा कडा चढून जी लढाई केली ती कोरड्या ऋतूतली; तरी ती मुख्यतः तलवारीची झाली. रात्री कड्यावरून चढणाऱ्याच्या हातातील धुमसता तोडा वरच्या पहारेकऱ्याला दिसावयाचा, आणि त्याचा वासही लपत नाही. डफच म्हणतो की दर दहा माणसांमागे एकाजवळ बंदुकीऐवजी धनुष्यबाण असे, कारण रात्रीच्या छाप्यात बंदूक वापरण्यास मनाई केलेली असे. शिसे आणि दारू यांचा खर्च, दाट रानातील जवळची गाठ, हीही कारणे आहेतच. उलट १६६० च्या जुलैत, ऐन आषाढात, पन्हाळ्याहून विशाळगडाकडे जाताना बाजीप्रभू व हिरडस मावळातील बांदलांची माणसे खिंडीत उभी राहिली, तेव्हा पावसाने तोड्याची बंदूक दोन्ही पक्षांस सारखीच दुबळी केली असली पाहिजे. त्या रात्रीच्या वर्णनांत शौर्य भरपूर आहे. हवेचा हिशेब कोणी मांडलेला नाही.

पुढील काळाचा विचार थोडक्यात पुरे. १६९७ साली राजाराम महाराजांनी शंकराजी नारायण यांना सचिवपद दिले. राजगड, तोरणा, रोहिडा हे किल्ले पुढे त्यांच्या वंशजांच्या, म्हणजे भोरच्या पंतसचिवांच्या, ताब्यात राहिले. १८७८ चा शस्त्रकायदा ब्रिटिश हिंदुस्थानापुरता होता. संस्थानाची हद्द ओलांडली की कायदा बदले. ८ मार्च १९४८ रोजी भोर संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले आणि हा भेद मिटला. १९५९ चा शस्त्र अधिनियम १ ऑक्टोबर १९६२ पासून अंमलात आला. तेव्हापासून येथील शस्त्रधारक हा ‘परवानाधारक’ झाला, आणि त्याची साक्ष नोंदवहीतील बोअर, क्रमांक व मुदत ह्या रकान्यांपुरती आक्रसली.

ओलाव्याचा प्रश्न मात्र सुटला नव्हता. तो दारूवरून पोलादावर सरकला. पितळी काडतुसात दारू बंद झाल्यावर ती सर्द होण्याची भीती बरीच कमी झाली, पण पिस्तुलाचे अंग घामाने आणि दमट हवेने गंजू लागले. यावर युरोपात निघालेला उपाय म्हणजे अंग पॉलिमरचे करणे. जर्मनीत हेकलर अँड कॉख ह्या कारखान्याने १९७० मध्ये असे पिस्तूल काढले. ऑस्ट्रियाच्या सैन्याने १९८२ मध्ये ग्लॉक १७ स्वीकारल्यावर हा प्रकार जगभर पसरला. नळी आणि वरची सरक पोलादाचीच असते. मुठीचे अंग तेवढे पॉलिमरचे. ज्यांनी असे पिस्तूल दीर्घकाळ बाळगले त्यांचे अभिप्राय बहुतेक एकाच वळणाचे असतात : रिकामे असता वजन पाऊण किलोच्या आत, म्हणून कमरेला जड होत नाही, मूठ थंडीत गार पडत नाही, घामाने गंजत नाही. हलकेपणामुळे झटका अधिक जाणवतो, आणि पोलादाची सवय असलेल्या हाताला ते खेळण्यासारखे वाटते, ही तक्रारही तितकीच नेहमीची. त्यांत पल्ल्याचा उल्लेख कमी, हवेचा अधिक. खुद्द पुणे जिल्ह्यात, पाषाण येथील आयुध संशोधन संस्थेने महूच्या इन्फंट्री स्कूलबरोबर विकसित केलेल्या आणि २०२१ मध्ये जाहीर झालेल्या ‘अस्मि’ या ९ मिलिमीटरच्या मशीन पिस्तुलाचा खालचा भाग कार्बन फायबरचा आहे. पण ते सैन्यासाठी आहे.

भोर-वेल्ह्यातील सामान्य परवानाधारकाच्या हाती हे काही येत नाही. ९ मिलिमीटर हा बोअर प्रतिबंधित वर्गात मोडतो. खाजगी धारकाला बहुधा.३२ चे पोलादी पिस्तूल किंवा रिव्हॉल्वर मिळते. २०१९ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीजवळील शस्त्रांची मर्यादा तीनवरून दोनवर आणली, आणि परवान्याची मुदत तीनऐवजी पाच वर्षांची केली. १९५९ च्या अधिनियमातील तेराव्या कलमात मात्र इतिहासाच्या अभ्यासकाने थांबून वाचावे असे एक वाक्य आहे : पिकांच्या रक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना देण्याची तरतूद. पोलादी पिस्तूल आणि ठासणीची बंदूक ही दोन भिन्न युगे ह्या कायद्याखाली एकाच नोंदवहीत शेजारी बसू शकतात. ठासणीच्या बंदुकीत आता तोडा नाही, तांब्याची टोपी आहे. पण दारू अजून नळीत मोकळीच ठासावी लागते. रानडुकरे भातात आणि नाचणीत उतरतात ती पावसाळ्याच्या उत्तरार्धात, आणि संध्याकाळी भरून ठेवलेला बार पहाटेपर्यंत कोरडा राहीलच, असे मळ्यावर राखण करणारा कोणीही सांगू शकत नाही.