बुळकांडीच्या मागावर

शिवाजीनगरच्या इंजिनिअरिंग कॉलेजातून पूल आणि धरणं बांधणारे बाहेर पडले, हे पुणेकर अभिमानाने सांगतात. त्याच कॉलेजात, ते ‘कॉलेज ऑफ सायन्स’ म्हणून ओळखलं जाई तेव्हा, गुरांच्या रोगांवर संशोधन करणारी देशातली पहिली सरकारी प्रयोगशाळा थाटली गेली, हे मात्र क्वचितच कुणी सांगतं. ९ डिसेंबर १८८९ रोजी ‘इम्पीरियल बॅक्टेरिऑलॉजिकल लॅबोरेटरी’ सुरू झाली. तिची सूत्रं डॉ. आल्फ्रेड लिंगार्ड यांच्याकडे होती.

शत्रू होता बुळकांडी. आधी ताप, मग डोळ्यांतून-नाकातून गळती, तोंडात व्रण आणि शेवटी न थांबणारे जुलाब. काही दिवसांतच जनावर आडवं व्हायचं. बैल गेला की नांगर उभा राहायचा, पेरणी हुकायची. सरकारलाही चिंता होतीच, पण ती नुसत्या भूतदयेपोटी नव्हती: शेतसारा बैलांच्या जिवावर यायचा आणि लष्कराचं सामानही बैलच ओढायचे.

पण असला सांसर्गिक रोग भरवस्तीत, गोठ्यांच्या शेजारी हाताळायचा म्हणजे धोकाच. शिवाय पुण्याचा उन्हाळा. १८९३ मध्ये प्रयोगशाळेने बाडबिस्तरा उचलला आणि कुमाऊंच्या डोंगरात, सुमारे साडेसात हजार फुटांवरच्या मुक्तेश्वरला मुक्काम हलवला. प्लेगच्या अभ्यासासाठी १८९७ मध्ये भारतात आलेले जंतुशास्त्रज्ञ रॉबर्ट कॉख तिथेही जाऊन आले. पुढे बरेलीजवळच्या इज्जतनगरला शाखा निघाली आणि आज ‘भारतीय पशुवैद्यक संशोधन संस्था’ म्हटलं की तेच नाव डोळ्यांपुढे येतं.

उपाय सापडला तो एका शेळीमुळे. सुरुवातीला रोगातून बचावलेल्या जनावरांच्या रक्तातला सिरम टोचत. तो महागडा होता आणि त्याचा असर थोडेच दिवस टिके. १९२०च्या दशकात मुक्तेश्वरला जे. टी. एडवर्ड्स यांनी बुळकांडीचा विषाणू एका शेळीतून दुसऱ्या शेळीत असा पुन्हा पुन्हा वाढवला. शेळ्यांत मुरत गेला तसा गायीबैलांपुरता तो मवाळ झाला, पण त्याने दिलेली प्रतिकारशक्ती टिकून राहिली. ही लस देशी गुरांना मानवली, विलायती रक्ताच्या नाजूक गायींना मात्र तितकीशी नाही. तिच्याच बळावर १९५४ मध्ये देशव्यापी निर्मूलन मोहीम सुरू झाली. २०११ मध्ये जगातून बुळकांडी संपल्याची घोषणा झाली. माणसाने मुळासकट उपटलेला, देवीनंतरचा हा दुसराच रोग.

गुरांच्या लसींशी पुण्याचं नातं मात्र तुटलं नाही. औंधच्या पशुवैद्यकीय जैवपदार्थ निर्मिती संस्थेत राज्यातल्या जनावरांसाठी घटसर्प, फऱ्या, आंत्रविषार यांच्या लसी तयार होतात. पावसाळ्याच्या तोंडावर गावोगाव टोचतात त्या याच. २०२२ मध्ये लम्पी या गुरांच्या त्वचारोगाने महाराष्ट्रातले गोठे हादरवले, तेव्हा हिसारच्या अश्व संशोधन केंद्राने इज्जतनगरच्या साथीने विकसित केलेल्या लसीचं तंत्रज्ञान उत्पादनासाठी याच संस्थेकडे देण्याचा करार त्या वर्षाच्या डिसेंबरात नागपुरात झाला.