लिंकनचं युद्ध, खानदेशचा कापूस आणि आपली बाजू

अमेरिकेत निवडणूक आली की आपल्या तरुणांच्या ग्रुपवर दोन तट पडतात. एकाला ट्रम्प हवा असतो, कारण तो 'दहशतवाद्यांना सरळ करतो'. दुसऱ्याला डेमोक्रॅट हवे असतात, कारण ते 'आपल्यासारख्यांच्या बाजूचे' आहेत. इराक कुणामुळे झालं, अफगाणिस्तान कुणी सोडलं, टॅरिफ कुणी लावलं यावर रात्र-रात्र वाद चालतात. वाद जरूर घाला. पण जळगाव-धुळ्यात बसून घालत असाल, तर आधी एक प्रश्न विचारा: अमेरिकेच्या युद्धाचा आणि पैशाच्या धोरणाचा आपल्या गावकुसाबाहेरच्या माणसावर काय परिणाम झाला? हा प्रश्न आजचा नाही. तो 160 वर्षं जुना आहे आणि त्याची सुरुवात आपल्याच कापसात आहे.

1861 साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं. लिंकन यांचा रिपब्लिकन पक्ष गुलामगिरी नव्या प्रदेशांत पसरू देणार नव्हता. दक्षिणेतल्या मळेवाल्यांचं सगळं वैभव काळ्या गुलामांनी वेचलेल्या कापसावर उभं होतं. दक्षिणेची राज्यं फुटून निघाली आणि उत्तरेच्या आरमाराने त्यांची बंदरं रोखली. इंग्लंडच्या गिरण्यांना लागणाऱ्या कापसापैकी तीन चतुर्थांशाहून जास्त कापूस तिथूनच येत होता. तो अडला आणि लँकेशायरच्या गिरण्या बंद पडू लागल्या. मग इंग्रजांना हिंदुस्थानचा कापूस आठवला.

याच दशकात रेल्वे खानदेशात पोहोचली होती. जळगाव बघता बघता कापसाची मोठी पेठ झालं. भाव काही पटींनी चढले. मुंबईत प्रेमचंद रायचंद यांच्यासारख्या व्यापाऱ्यांचे शेअर आकाशाला भिडले, समुद्र बुजवून जमीन काढायच्या कंपन्या निघाल्या. 1865 मध्ये युद्ध संपलं, अमेरिकेचा कापूस पुन्हा येणार हे दिसताच भाव कोसळले, मुंबईच्या बँका बुडाल्या आणि जळगावच्या पेठेलाही जबर फटका बसला. तेजीच्या भरवशावर काढलेलं कर्ज मात्र शेतकऱ्याच्या डोक्यावर राहिलं. पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांत 1875 साली सावकारांच्या वह्या जाळल्या गेल्या. त्या दंग्यांच्या कारणांत वाढवलेल्या शेतसाऱ्याबरोबर कापसाची ही पडझडही होती.

शाळेच्या पुस्तकात ही गोष्ट 'कापसाची तेजी' म्हणून दोन ओळींत संपते. पण तेजी कुणाची? ज्याच्याकडे जमीन होती, तारण होतं, बाजार होता, त्याची. वतनाच्या तुकड्यावर गावाची वेठ करणाऱ्या महाराला त्यात काय मिळालं? सातपुड्याच्या पायथ्याच्या भिल्लाला काय मिळालं? कापसाला भाव आला की जमिनीला भाव येतो आणि जमिनीला भाव आला की ती दुबळ्याच्या हातून सुटते. शहादा-तळोद्याच्या आदिवासींच्या जमिनी कर्जाच्या आणि कागदाच्या खेळात कशा गेल्या, हे 1970 च्या दशकात अंबरसिंग सुरतवंती यांच्या नेतृत्वाखालच्या लढ्याने साऱ्या महाराष्ट्रासमोर मांडलं. गेलेल्या जमिनी आदिवासींना परत देण्याचा कायदा 1974 साली करावा लागला. गेल्याच नसत्या, तर कायदा कशाला लागला असता?

त्याच युद्धातून महाराष्ट्रात आणखी एक गोष्ट जन्माला आली. व्यापाऱ्यांनी अमेरिकेकडे बघून कापसाचा भाव वाचला, जोतीराव फुल्यांनी गुलामाची मुक्ती वाचली. 1 जानेवारी 1863 ला लिंकन यांचा मुक्तीचा जाहीरनामा अमलात आला, 1865 मध्ये तेराव्या घटनादुरुस्तीने गुलामगिरी संपवली, आणि 1873 साली जोतीरावांनी 'गुलामगिरी' हे पुस्तक अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्या भल्या लोकांना अर्पण केलं. ते ना रिपब्लिकन होते, ना डेमोक्रॅट. समुद्रापलीकडच्या युद्धात आपली बाजू कोणती, हे त्यांनी अचूक ओळखलं. दुसऱ्यांचं राजकारण वाचायची ही आपली जुनी रीत आहे.

बाबासाहेबांनी ती पुढे नेली. 1913 ते 1916 ते न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात शिकले. 1946 साली त्यांनी काळ्यांचे विचारवंत डू बॉइस यांना पत्र लिहिलं. अमेरिकेतल्या काळ्यांनी संयुक्त राष्ट्रसंघाकडे केलेल्या अर्जाची प्रत त्यांना हवी होती. अमेरिकेत मुक्तीनंतर काय झालं हा मोठा धडा होता. गुलाम सुटले, पण जमीन मळेवाल्याकडेच राहिली. मोकळा झालेला माणूस त्याच मळ्यात वाटेकरी म्हणून कर्जात अडकला. 1877 च्या समझोत्यात रिपब्लिकनांनी अध्यक्षपद घेतलं, दक्षिणेतलं सैन्य काढून घेतलं आणि काळ्यांना जुन्या मालकांच्या हवाली केलं. लिंकनचा पक्ष तोच, बारा वर्षांत बाजू बदलली. बाबासाहेबांनी 1947 साली 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'मध्ये शेतजमीन सरकारच्या मालकीची करून सामुदायिक शेतीची मागणी केली. तिथे ना जमीनदार राहणार होता, ना भूमिहीन. कागदावरची मुक्ती जमिनीशिवाय टिकत नाही, हे आपण दोन्ही देशांत पाहिलं आहे.

आता अलीकडचं बघा. 11 सप्टेंबर 2001 नंतर युद्धाचे मोकळे अधिकार अध्यक्षाला देणारा ठराव आला. सिनेटमध्ये 98 विरुद्ध 0, प्रतिनिधीगृहात 420 विरुद्ध 1. ते एक मत बार्बरा ली या काळ्या बाईचं होतं. वर्षभराने इराकच्या ठरावाला सिनेटमधल्या 50 पैकी 29 डेमोक्रॅटांनी पाठिंबा दिला. 'युद्धवाले रिपब्लिकन, शांतीवाले डेमोक्रॅट' हे इतकं सोपं नाही.

कापसाच्या बाबतीत तर दोघांची युतीच दिसते. 2002 मध्ये बुश यांनी शेतकी कायद्यावर सही करून आपल्या कापूसवाल्यांना भरघोस अनुदान दिलं. 2008 चा कायदा बुश यांनी अडवला, तर डेमोक्रॅटांच्या बहुमताच्या संसदेने दोन्ही पक्षांच्या मतांनी तो त्यांच्या डोक्यावरून मंजूर केला. ब्राझीलने जागतिक व्यापार संघटनेत खटला भरला आणि 2005 मध्ये जिंकला. ओबामांच्या सरकारने काय करावं? अनुदान थांबवण्याऐवजी 2010 पासून ब्राझीललाच दरवर्षी 14 कोटी 73 लाख डॉलर द्यायचं कबूल केलं. पुढे 2014 मध्ये 30 कोटी डॉलर देऊन प्रकरण मिटवलं. ब्राझील बलवान होता, त्याला भरपाई मिळाली. बेनिन, बुर्किना फासो, चाड, माली हे गरीब कापूस पिकवणारे देश 2003 पासून तीच तक्रार करत होते, त्यांना आश्वासनं मिळाली. अमळनेर-चोपड्याच्या कोरडवाहू शेतकऱ्याला तर तेही नाही.

मग 2025 चा ऑगस्ट आला. रशियन तेलाचं कारण सांगून ट्रम्प यांनी भारतावरचं टॅरिफ 50 टक्क्यांवर नेलं. युक्रेनच्या युद्धाचा दंड आपल्या कापडावर बसला. आपल्या केंद्र सरकारने लगेच 19 ऑगस्टपासून कापसावरचं 11 टक्के आयात शुल्क काढलं, आधी सप्टेंबर अखेरपर्यंत, मग डिसेंबर अखेरपर्यंत. म्हणजे आपला शेतकरी पहिली वेचणी घेऊन बाजारात येतो, नेमके तेच महिने.

कुणी म्हणेल, गिरण्यांना स्वस्त कापूस मिळाला तर धुळे-मालेगावच्या यंत्रमागावरचा मजूर वाचेल. तोही आपलाच आहे. खरं आहे, तो आपलाच आहे. पण शुल्काची सूट मालकाच्या हिशोबात जमा होते. ती मजुरीत उतरावी अशी अट सरकारने कुठे घातली? आणि शेतकऱ्याच्या पडलेल्या भावाची भरपाई कुठे ठेवली? लांब धाग्याच्या कापसाला 8110 रुपये हमीभाव जाहीर झाला. पण सीसीआयच्या केंद्रावर सातबारा लागतो, ॲपवर नोंदणी लागते. निम्म्या वाट्याने शेती करणाऱ्याचं नाव सातबारावर नसतं. मग त्याचा कापूस खेडा खरेदीवाल्याच्या काट्यावर जातो. आखाजीला वर्षाचा ठराव करणारा सालदार आणि किलोवर कापूस वेचणारी बाई तर या हिशोबात येतच नाहीत. भाव पडला की आधी वेचणीचा दर पडतो, भाव चढला की तो सगळ्यात शेवटी चढतो. 1865 आणि 2025 यांत ही एक गोष्ट बदललेली नाही.

म्हणून मित्रांनो, ट्रम्प की डेमोक्रॅट हा वाद आपला नाही. आपल्या मागण्या वेगळ्या आहेत. वाटेकऱ्याची पीकपाहणीत नोंद करा आणि त्या नोंदीवर खरेदी करा. वेचणीचा किमान दर ठरवा. आयात शुल्क काढायचं असेल, तर भावातला फरक आधी शेतकऱ्याच्या खात्यावर टाका. आणि आपापल्या गावात एक काम करा: कापूस कुणाच्या शेतात पिकतो, कोण वेचतो, कोण विकतो, याची यादी काढा. दर 31 जुलैला आपण बाबासाहेबांच्या आठवणीत लळिंगच्या लांडोर बंगल्यावर जमतो. या वर्षी येताना ती यादी सोबत आणा. बाबासाहेब कुठेही गेले तरी आकडे घेऊन जायचे.

जय भीम!